अंगठा कोणाचा, दीक्षा कोणाची?



पाल्हाळ लावत नाही. २०२० साली आमच्या खोलीत माणसं पाच होती आणि फोन एक. तो फोन माझ्या खिशात होता.

मी गोदीत माल उतरवणारा. कंत्राटी. मुकादमाचा फोन आला तर पाळी, नाही आला तर घरी बसून छपराचे पत्रे मोजायचे. फोन घरी ठेवला तर पाळी जाणार, पाळी गेली तर चूल विझणार. आणि धाकटी बहीण दहावीला. तिचे तास सकाळी अकराला फोनवर सुरू व्हायचे. अकराला मी जहाजाच्या पोटात असायचो, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधलेला. कधी चुकून बटण दाबलं जायचं आणि पिशवीतून बाईंचा आवाज यायचा, "सगळ्यांना ऐकू येतंय का?" डोक्यावर क्रेन, पायाखाली गोण्या आणि कमरेला बीजगणित. जिनं ते ऐकायचं ती घरी भांडी घासत होती.

रात्री मी आलो की ती फोनवर झडप घालायची. तोवर दिवसाचा डेटा संपलेला, बाप दमून झोपलेला, दिवा घालवा म्हणून आई ओरडायची. पोरगी पांघरुणात शिरून फोनच्या उजेडात फळ्याचे फोटो वहीत उतरवायची. उतरवायची म्हणतोय मी, शिकायची म्हणत नाही.

१६ जुलै २०२१ ला निकाल लागला. परीक्षा रद्द झालेली, शाळेनंच गुण दिलेले. सगळ्या राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! आमची धाकटीही पास. आईनं पेढे वाटले. पोरगी मोरीपाशी बसून रडत होती. म्हटलं काय झालं? तर म्हणाली, "दादा, मी पास झाले. पण मला काहीच येत नाही रे."

अकरावी तिनं कशीबशी रेटली. बारावीला सोडली. आज ती एका गोदामात पार्सलांवर लेबलं चिकटवते. आणि मी, वस्तीत कवी म्हणून मिरवणारा, मॅट्रिक झालेला मोठा भाऊ, कुणी 'ऑनलाइन शिक्षण' म्हटलं की कमरेला हात लावून बघतो. तिथं अजून काहीतरी बोलत असतं.

हे सांगितलं ते कीव मागायला नाही. हिशेब मांडायचाय म्हणून सांगितलं.

पांढरपेशे म्हणतील, महामारी होती, कोण काय करणार? मी म्हणतो, आकडे महामारीच्या आधीचे आहेत. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी २४ घरांत इंटरनेटची सोय होती. खेड्यात १५. संगणक तर शंभरात ११ घरांत. हे सरकारला ठाऊक होतं, कारण मोजलं सरकारनंच. ठाऊक असून फर्मान निघालं की शाळा आता फोनवर! विहिरीला पायऱ्या नाहीत, दोर नाही, आणि पाटी लावली 'पाणी सर्वांना खुले'. ही असली पाटी आपल्या बापजाद्यांनी पाहिलीय. तिचं वाचन आपल्याला शिकवायला नको.

पुढं सप्टेंबर २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे मंडळींनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांतल्या जवळजवळ १४०० पोरांना भेटून अहवाल काढला. खेड्यात नियमित ऑनलाइन शिकणारी पोरं शंभरात ८. त्यातही दलित-आदिवासींची ४ आणि बाकीच्यांची १५. तोच फोन, तेच आभाळ, त्याच लहरी. पण लहरसुद्धा गावात शिरताना जात विचारून शिरते! आणि मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा उघडायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे मॉल उघडले, बार उघडले, लग्नाचे हॉल उघडले, आणि सगळ्यात शेवटी बालवर्गापासून वर सरकणाऱ्या पोरांचा नंबर लागला. ह्या देशात कशाचं दार आधी उघडतं ते बघा, म्हणजे देश कुणाचा ते कळतं.

आता दुसरा शब्द घेऊ. भागीदारी.

हल्ली शिक्षणाच्या कुठल्याही जाहीर भाषणात हा शब्द येतोच. सरकार आणि कंपनी यांची भागीदारी. शाळा आणि अ‍ॅप यांची भागीदारी. मी गोदीतला माणूस, भागीदारी म्हटलं की विचारतो, माल कुणाचा, नफा कुणाचा, आणि पाठ कुणाची? सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगानं बायजूज कंपनीशी हात मिळवला. देशातल्या ११२ मागास जिल्ह्यांतल्या पोरांना कंपनी शिकवण देणार. तेव्हा ती कंपनी आभाळात होती. जुलै २०२४ मध्ये तिच्यावरची दिवाळखोरीची कारवाई न्यायाधिकरणानं दाखल करून घेतली. कंपन्या बुडतात, त्याचं मला दुःख नाही. पण सरकारी शाळा बुडत नसते, तिला कुणीतरी बुडवावं लागतं. आणि जिच्या जिवावर पोरांना सोपवायचं, ती चार वर्षं तरी टिकेल का, एवढंही न बघता हात मिळवायचा, ह्याला भागीदारी म्हणायचं की जुगार? डाव लागला तर यांचा, हरला तर पोरं आमची.

आणि 'दीक्षा'. नाव बघा काय ठेवलंय! आपली दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, नागपूरची. सरकारची दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ची, फोनवरची. पाठ्यपुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन टिपला की धडा उघडतो. कल्पना वाईट नाही, उगाच कशाला वाईट म्हणू? फुकट आहे, मराठीत आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये बातमी फुटली. जवळजवळ सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांवर शिक्षकांची माहिती एका कुलूप नसलेल्या सर्व्हरवर उघडी पडून होती. त्याआधी मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनं ४९ देशांतली शिक्षणाची अ‍ॅपं तपासली आणि सांगितलं की त्यातली बहुतेक पोरांची माहिती गोळा करतात नाहीतर करू शकतात, कुठं राहतो, काय बघतो, किती वेळ बघतो. त्या तपासणीत आपली दीक्षाही होती.

एकलव्याला द्रोणाचार्यानं शिकवलं नाही, तरी अंगठा मागितला. आजचा द्रोण त्याहून हुशार. तो आधीच विचारतो, 'तुम्हाला आमच्या अटी मान्य आहेत का?' अटी इंग्रजीत, चाळीस पानी. आणि पोरगं पटकन अंगठा टेकवतं. रक्त येत नाही म्हणून कुणाला कळत नाही एवढंच.

कुणी म्हणेल, हा यंत्राच्या विरोधात आहे. अजिबात नाही. यंत्राशी माझं रोजचं लग्न आहे. माझा आजा गोदीत गोण्या वाहायचा. त्याच्या पाठीचं कातडं जुन्या चपलेसारखं झालं होतं. क्रेननं माझी पाठ वाचवली, मी क्रेनला शिव्या कशाला देऊ? पण कंटेनर आला तेव्हा काय झालं तेही आजानंच सांगितलं. १९८९ ला पलीकडं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. माल सीलबंद पेटीत यायला लागला. पेटी जहाजातून उचलायची, ट्रेलरवर ठेवायची, संपलं. आत काय आहे ते वाहणाऱ्याला माहीत नाही, उघडायचा हक्क नाही. टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या. यंत्र वाईट नव्हतं. त्याची कळ कुणाच्या हातात, एवढाच प्रश्न होता आणि तो आमच्या बापजाद्यांना कुणी विचारला नाही.

आज धड्याची तीच गत करताहेत. धडा सीलबंद. कुठंतरी बंगळूरला, पुण्याला भरला जाणार. गोरागोमटा मास्तर, गोंडस मराठी, मागं रंगीत चित्रं. आमच्या वस्तीत येऊन नुसता वाजणार. गुरुजींनी काय करायचं? पेटी उतरवून घ्यायची, सही द्यायची. पण लोखंडाची कॉइल आणि पोरगं यात फरक आहे की नाही? पोरगं मध्येच हात वर करतं. म्हणतं, "बाई, परत सांगा." सीलबंद पेटीला परत सांगता येतं, दहा वेळा सांगता येतं, पण वेगळं सांगता येत नाही. पोरानं कपाळाला आठी घातली ती बाईंना दिसते, पेटीला दिसत नाही. आणि पोरगं चार दिवस आलंच नाही तर त्याच्या खोलीची कडी वाजवायला पेटीला पाय नाहीत.

आता दुसरी बाजू सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा फक्त शिव्या घालतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या विद्यापीठानं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' अख्खं इंटरनेटवर ठेवलंय. फुकट. नुसतं पुस्तक नाही, टिपांसकट, अभ्यासाच्या सोयीसकट. प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट आणि तिथलं नव्या माध्यमांतून शिकवायचं केंद्र, अशा दोघांनी मिळून ते केलं. बघा, हीसुद्धा भागीदारीच. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं जे भाषण होऊ दिलं नाही, बाबासाहेबांनी जे पदरचे पैसे घालून छापलं, ते आज इंदिरा गोदीत जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात उघडतं. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे ते जाडजूड खंड, ज्यांना दुकानात हात लावायची माझी ऐपत नाही, तेही फोनवर मिळतात. माझ्या आजाला ही चैन कुठली?

पण माझं इंग्रजी दहावीपुरतं. एकेका ओळीला ठेच लागायची. मग वस्तीतला एक पोरगा, जो एम.ए. करतो, त्याला धरलं. आम्ही सात जण. दोन गोदीतले, एक रिक्षावाला, एक शिवणकाम करणारी, बाकी शिकणारी पोरं. दर रविवारी रात्री नऊला फोनवर जमायचं. तो वाचणार, मराठीत सांगणार, आम्ही भांडणार. आठवड्याला पाच परिच्छेद, जास्त नाही. वर्षभर लागलं. पण पुस्तक संपलं तेव्हा ते आमचं झालं होतं. फोन तोच, ज्यानं माझ्या बहिणीची शाळा गिळली. फरक एवढाच की इथं वेळ आम्ही ठरवली, वेग आम्ही ठरवला, आणि शिकवणारा आमच्या गल्लीतून येताना दिसत होता.

जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली, कारण कष्टकरी दिवसा मोकळा नसतो. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग लावले. ह्या माणसांनी शाळेला मजुराच्या वेळेपुढं वाकायला लावलं. अकराच्या ठोक्याला फोन हातात धर नाहीतर गैरहजर, असं म्हणणाऱ्यांनी मजुराच्या पोरीलाच वाकवलं. सगळा फरक ह्यात आला.

लोकांनी केलेलं आणखी ऐका. २०२० मध्ये पालघरच्या आदिवासी पाड्यांवर फोनची रेंज नव्हती. तिथं काही कार्यकर्त्यांनी भोंगा लावला. भोंग्यावरून धडे, पोरं खाली बसून ऐकताहेत, एकमेकांत अंतर ठेवून. आपल्याकडं भोंगे काय कमी आहेत? महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. तिला डेटा लागत नव्हता, टीव्ही असला की झालं. आणि केरळ बघा. १ जून २०२० ला सरकारच्या स्वतःच्या विक्टर्स वाहिनीवर वर्ग सुरू केले. त्याआधी मोजलं की दोन लाखांवर पोरांच्या घरी ना टीव्ही ना फोन. मग ग्रंथालयांत, अंगणवाड्यांत पडदे लावून पोरांना तिथं बसवलं. तिथंही भोकं राहिली, तिथल्याही दलित पोरांनी सोसलं, केरळ काही स्वर्ग नाही. पण तिथं सरकार, पंचायत आणि गावचं वाचनालय भागीदार झालं. कंपनीला शोधत फिरले नाहीत. त्याच केरळच्या उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये सांगून ठेवलं होतं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. हक्क! कुणाच्या मेहेरबानीचं रिचार्ज नव्हे.

मग आपण काय करायचं?

आधी स्वतःला चार शब्द. आपल्या वस्तीत विहार आहे. जयंतीला तिथं दहा फूट उंचीचे स्पीकर येतात, रोषणाई येते, बॅनरवर पंचवीस जणांचे फोटो येतात. वर्गणी मीही देतो, नाचतोही. पण त्या विहारात इंटरनेटची एक वायर आलीय का? एक टेबल, चार खुर्च्या, एक पडदा? उरलेले तीनशे चौसष्ट दिवस विहाराला कुलूप असतं आणि बाहेर पायरीवर पोरं डोकं खाली घालून फोनवर गेम खेळत असतात. परळच्या चाळीत एका खोलीत रामजीबाबा स्वतः जागायचे आणि रात्री दोनला पोराला अभ्यासाला उठवायचे. आपण त्याच पोराच्या फोटोची रील करून टाकतो आणि झोपतो. शिव्या फक्त सरकारला दिल्या तर अर्धी शिवी घशातच राहते, दोस्तांनो. आणि ह्यात पहिला आरोपी मी. आठवड्यातून दोन दिवस फोन घरी ठेवून मुकादमाला दुसऱ्याच्या नंबरावर बोलाव म्हणालो असतो, तर कदाचित जमलं असतं. मी विचारलंच नाही. घरातला पुरुष कमावतो, फोन त्याचा, हे मलाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता सरकारशी बोलू. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी निवेदन ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या जातींचं, ही लूट आहे. वर शिकवा म्हणजे खाली झिरपेल, हे थोतांड आहे. बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आज झिरपण्याची तीच थाप नव्या भाषेत मारतात. म्हणे वरच्या शहरी पोरांसाठी अ‍ॅप बनेल, मग हळूहळू खाली पोचेल. २०२३-२४ ची सरकारचीच आकडेवारी सांगते की देशातल्या शंभर शाळांपैकी ५४ च्या आसपास शाळांत इंटरनेट होतं. उरलेल्या ४६ कुणाच्या पोरांच्या, ते सांगायला मास्तर लागत नाही.

कायदा आपल्या हातात आहे, तो वापरायला शिका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २१ म्हणतं की सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे, तिच्यात किमान पाऊण सभासद पालक पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. दुर्बल घटकातल्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. किती वस्त्यांत ही समिती बसते? किती आयांना ठाऊक आहे की आपण तिच्यात आहोत? तिथं शिरा. तुमच्या आईला, वहिनीला शिरवा. शाळेत कुठलंही अ‍ॅप, कुठलीही कंपनी, कुठलीही 'भागीदारी' आली की समितीत विचारा. करार मराठीत वाचून दाखवा. पोराची माहिती कुठं जाते? किती वर्षं ठेवणार? कंपनी बुडाली तर धडे कुणाचे? फोन नसलेल्या पोराचं काय? उत्तर नाही, तर सही नाही.

आणि मागणी एकच, लहान, पण दातात धरून ठेवायची. प्रत्येक वस्तीच्या विहारात, समाजमंदिरात, वाचनालयात सरकारी खर्चानं इंटरनेट आणि चार पडदे. संध्याकाळी सात ते अकरा. आणि शेजारी पगारी, हाडामांसाचा शिक्षक. आधी शिक्षकाची रिकामी जागा भरा, मग अ‍ॅपचं उद्घाटन करा. शिक्षकाच्या हातात फोन असेल तर ते हत्यार. शिक्षकाच्या जागी फोन असेल तर तो दगा.

गेल्या महिन्यात आमच्या विहाराचं कुलूप काढलं. वर्गणीतून वायर आणली. एक जुना पडदा एका ऑफिसनं भंगारात काढलेला, तो रिक्षातून आणला. रविवारची सात जणांची टोळी आता संध्याकाळी तिथं पोरं घेऊन बसते. पहिल्या दिवशी नऊ पोरं आली, दुसऱ्या दिवशी चार, पुढं वीस. एक निवृत्त बाई येतात. पडद्यावरचा धडा मध्येच थांबवतात आणि विचारतात, "कुणाला कळलं नाही?" हात वर होतात.

परवा धाकटी गोदामातून आली ती घरी गेलीच नाही, सरळ विहारात येऊन मागं बसली. बीजगणित चाललं होतं. मी पडद्याच्या वायरपाशी उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बाईंनी विचारलं, कुणाला कळलं नाही?

सगळ्यात आधी तिचा हात वर गेला.

जय भीम.